यंत्र आपले, अंमल कोणाचा?

दोन्ही हातांत धरून, आरामखुर्चीत रेलून किंवा अंथरुणावर पडल्यापडल्या खेळता यावे अशी जी यंत्रे गेल्या तीन-चार वर्षांत बाजारात आली आणि ज्यांना आपली तरुण मंडळी ‘हँडहेल्ड’ एवढ्या एकाच शब्दाने ओळखतात, ती रूपाने खेळणी भासत असली तरी प्रकृतीने पुरते संगणक आहेत, ही गोष्ट ती विकत घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. आसूस कंपनीचे ‘आरओजी अ‍ॅलाय’ हे यंत्र २०२३ साली भारतात आले तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्यांसाठी दांडे आणि बटणे, आणि आत एएमडीचा आठ कोअरचा ‘रायझन झेड१ एक्स्ट्रीम’ प्रोसेसर व १६ जीबी मेमरी, असा त्याचा तपशील. मेजावर ठेवण्याच्या संगणकाने करावयाचे कोणतेही काम या सामग्रीवर विनासायास होऊ शकते. एवढा ऐवज मोजून घरी आणलेल्या या संगणकावर कोणाचा अंमल चालावा, हा प्रश्न मात्र विक्रीच्या वेळी कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर कारखान्यातच ठरून आलेले असते. खोके उघडून बटण दाबले की विंडोज ११ समोर येते आणि आपले खाते मागू लागते.

हे उत्तर बदलता येते, ते बदलून त्या यंत्रावर लिनक्स ही खुली प्रणाली बसवणे आज कोणाही धिम्या माणसाला एका संध्याकाळी जमण्यासारखे आहे, आणि तरीही ते काम ग्राहकाच्या अंगावर टाकणे हा विक्रेत्यांचा अन्याय आहे, असे माझे मत आहे. लिनक्सची दीक्षा घेतलेल्या संप्रदायाचा मी सभासद नव्हे. ज्यांचा हिशोब, पत्रव्यवहार आणि छपाई विंडोजवर वर्षानुवर्षे सुरळीत चालली आहे त्यांनी ती सोडावी असा माझा मुळीच आग्रह नाही, आणि प्रत्येक चहापानाच्या प्रसंगी प्रणालींच्या श्रेष्ठकनिष्ठत्वाचा वाद उकरून काढणाऱ्यांपासून मी होता होईतो दूरच बसतो. परंतु हँडहेल्डच्या बाबतीत प्रश्न आवडीनिवडीचा उरलेला नाही.

विंडोज ही मेजासमोर बसलेल्या, माउस आणि कीबोर्ड हाताशी असलेल्या माणसासाठी वाढत गेलेली प्रणाली आहे. सात इंचांच्या पडद्यावर खिडकी मिटवण्याची फुली नखाएवढीही राहत नाही. पासवर्डच्या चौकटीवर बोट ठेवावे तो पडद्यावर उगवलेला कीबोर्ड नेमकी तीच चौकट झाकून टाकतो. आणि खेळ रंगात आला असता अपडेटची सूचना दत्त म्हणून उभी राहते. त्याहून मोठी अडचण झोपेची आहे. यंत्र निजवून पिशवीत ठेवले तरी आतली प्रणाली मधूनच जागी होऊन आपली बारीकसारीक कामे उरकीत असते, आणि प्रवासात ते बाहेर काढावे तो अंग गरम व बॅटरी तळाला गेलेली, असा अनुभव जगभरच्या वापरकर्त्यांनी पुनःपुन्हा नोंदवला आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही हे दुखणे एका परीने मान्य केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय’ बाजारात आणताना तिने नेहमीचा डेस्कटॉप सुरूच न करणारी एक पूर्ण पडद्याची व्यवस्था सोबत दिली आणि तिच्यामुळे सुमारे दोन जीबीपर्यंत मेमरी मोकळी होते असे तिच्याच लोकांनी सांगितले. आधीच्या ग्राहकांच्या यंत्रांत ही मेमरी, खेळणाऱ्याने कधी न उघडलेल्या डेस्कटॉपच्या दिमतीला, इतकी वर्षे अडकून पडली होती, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

लिनक्स या यंत्रांत शिरले कसे याचा इतिहास उद्बोधक आहे, आणि त्यात परोपकाराचा अंश पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा थोडा आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने आपले स्वतःचे दुकान संगणकात बसवले, तेव्हा संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेढी जी ‘स्टीम’, तिची मालक असलेल्या व्हॅल्व्ह कंपनीच्या पायाखालची जमीन सरकली. कारण ज्या वाड्यात आपली पेढी त्याच वाड्याच्या धन्याने शेजारी तोच धंदा मांडला तर पुढे काय वाढून ठेवले आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. व्हॅल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी, आणि या गृहस्थांनी स्वतःची तेरा वर्षे मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत काढली होती हे येथे लक्षात ठेवावे, विंडोज ८ ही संगणकाच्या व्यवसायावरील आपत्ती आहे असे त्या वर्षी उघडपणे म्हटले आणि लिनक्सकडे मोर्चा वळवला. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या कारखानदारांकडून करवून घेतलेली ‘स्टीम मशीन’ नावाची यंत्रे विक्रीस निघाली आणि साफ आपटली. खेळ नाहीत म्हणून ग्राहक येईनात, आणि ग्राहक नाहीत म्हणून प्रकाशक लिनक्ससाठी खेळाची वेगळी आवृत्ती काढण्याची तसदी घेईनात.

या कोंडीतून वाट निघाली ती प्रकाशकांची मनधरणी सोडून दिल्यावर. विंडोजसाठी लिहिलेला खेळ, त्यात अक्षराचाही बदल न करता, लिनक्सवर चालवून दाखवायचा असा पवित्रा व्हॅल्व्हने घेतला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ हे साधन प्रसिद्ध केले. त्याचा पाया मात्र तिने घातलेला नव्हता. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून ‘वाइन’ नावाचा एक खटाटोप १९९३ पासून चालू होता, त्याची १.० ही पहिली पक्की आवृत्ती निघायला २००८ साल उजाडावे लागले, यावरून त्यात हात घालणाऱ्यांच्या चिकाटीची कल्पना यावी. खेळ जेव्हा विंडोजकडे चित्र काढण्याची मागणी करतो तेव्हा ती मायक्रोसॉफ्टच्या ‘डायरेक्टथ्रीडी’ या परिभाषेत असते. ती मागणी ‘व्हल्कन’ या खुल्या परिभाषेत तत्काळ उतरवून देणारा जो ‘डीएक्सव्हीके’ नावाचा दुवा, तो एका जर्मन प्रोग्रॅमरने, ‘निअर: ऑटोमाटा’ हा आपल्या आवडीचा एक खेळ लिनक्सवर चालावा एवढ्याच हट्टापायी लिहायला घेतला होता. व्हॅल्व्हने त्याला पदरी ठेवले. एका माणसाच्या अशा हट्टातून निघालेल्या कामावर आज हजारो खेळ चालतात.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्हॅल्व्हचे ‘स्टीम डेक’ ग्राहकांच्या हाती जाऊ लागले. अमेरिकेत त्याची किंमत ३९९ डॉलरपासून पुढे होती आणि आत आर्च लिनक्सवर उभारलेली ‘स्टीमओएस’ ही प्रणाली होती. त्याच आठवड्यात ‘एल्डन रिंग’ हा बहुचर्चित खेळ प्रकाशित झाला, आणि त्यात एक मौज घडली. दसपट महागाचे संगणक बाळगणारे लोक विंडोजवर तो खेळताना मध्येच क्षणभर चित्र अडखळते म्हणून तक्रार करीत होते. स्टीम डेकवर मात्र हे अडखळणे पुष्कळच कमी होते, कारण व्हॅल्व्हच्या माणसांनी त्या खेळाची मेमरी मागण्याची पद्धत पाहून आपल्या दुभाषी थरातच तिची तजवीज करून ठेवली होती. विंडोजवर खेळ सुधारावयाचा तर प्रकाशकाच्या दाराशी बसावे लागते, आणि येथे मधला थर खुला असल्यामुळे ज्याला दोष दिसला त्यालाच तो दुरुस्तही करता आला. लिनक्सच्या बाजूने मी एकच दाखला द्यावयाचा झाला तर हाच देईन.

यानंतर मे २०२५ मध्ये लेनोव्होचे ‘लीजन गो एस’ हे यंत्र स्टीमओएससह विकले जाऊ लागले, आणि व्हॅल्व्हच्या परवान्याने दुसऱ्या कंपनीने ती प्रणाली घालून विकलेले ते पहिलेच हँडहेल्ड. हेच यंत्र विंडोजसहही मिळत होते, म्हणजे तुलनेची सोय आयतीच झाली. परीक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तेव्हा पुष्कळशा खेळांत लिनक्सचे यंत्र दर सेकंदाला अधिक चित्रे काढते आणि बॅटरीही अधिक पुरवते असे आढळले. विंडोजचे खेळ, विंडोजपेक्षा लिनक्सवर, दुभाष्याच्या मध्यस्थीने, अधिक वेगाने चालावेत, ही घटना दहा वर्षांपूर्वी कोणी भाकीत म्हणून सांगितली असती तर त्याला वेड्यात काढले गेले असते.

ज्यांचे यंत्र विंडोजसहच आले आहे त्यांच्यासाठी ‘बझाइट’ नावाचे लिनक्स आहे. ते फेडोराच्या पायावर उभे असून ‘युनिव्हर्सल ब्लू’ या नावाखाली काम करणारी मंडळी ते फुकट देतात. माझ्या भाच्याने एक नवे हँडहेल्ड घेतल्यावर त्यावर ते चढवण्याचा घाट कोथरूडला आमच्या जेवणाच्या टेबलावर घातला, तेव्हा मी चष्मा सावरून शेजारी बसलो होतो. यंत्राला भोक एकच. चार्जर, पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड ही तिन्ही त्या एका भोकातून जायची, म्हणून आधी हब आणावा लागला. विंडोजने डिस्कला घातलेल्या कुलपाचा अठ्ठेचाळीस आकडी क्रमांक त्याने वहीत उतरवून ठेवला, आणि हे त्याने आपण होऊन केले याचे मला बरे वाटले, कारण परतीची वाट ठेवल्याशिवाय असल्या कामाला हात घालू नये. मग आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरून यंत्र सुरू केले, पेनड्राइव्ह निवडला, आणि पडद्यावर अक्षरे उमटू लागली ती सगळी आडवी.

“मामा, मान तिरकी करा म्हणजे वाचता येईल,” भाचा शांतपणे म्हणाला.

अक्षरे आडवी का, याचे कारण मला नंतर कळले आणि ते फार आवडले. अशा लहान यंत्रांत पुष्कळदा जे पडदे बसवतात ते मुळात टॅब्लेटसाठी, उभे, घडवलेले असतात. कारखानदार ते आडवे करून बसवतो, परंतु पडद्याला स्वतःला आपण उभेच आहोत असे वाटत असते. म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, एक यादी ठेवलेली आहे, तिच्यात निर्मात्याचे नाव, यंत्राचे नाव, पडद्याची रुंदी, उंची आणि चित्र कोणत्या बाजूला वळवावे याची नोंद असते. नवे यंत्र बाजारात आले की ते घेणाऱ्यांपैकीच कोणीतरी, बहुधा मान तिरकी करून कंटाळलेला, त्या यादीत काही ओळींची भर घालण्याची दरखास्त पाठवतो. ती तपासली जाते, मंजूर होते, आणि कर्नलच्या पुढच्या आवृत्तीपासून जगात जेथे जेथे लिनक्स चालते तेथे तेथे त्या यंत्राचा पडदा सरळ दिसू लागतो. भाच्याचे यंत्र इतके नवे की त्याची नोंद अजून व्हायची होती. सरकारी दफ्तरांत नोंदी होण्यास जो काळ लागतो तो ध्यानात घेता हा विलंब मी फारसा मनावर घेतला नाही.

पुढे एका निळ्या पडद्यावर यंत्र सुरू होतानाच्या पहाऱ्यासाठी एक नवी किल्ली नोंदवण्याची परवानगी मागण्यात आली. तिचा पासवर्ड प्रकल्पाच्या नावाचाच, जगजाहीर, कोठेही वाचायला मिळणारा. एवढी राखण करून पासवर्ड चव्हाट्यावर कसा, असे मी विचारले, तेव्हा कळले की त्याचा हेतू गुप्ततेचा नसून यंत्रासमोर खरोखरच माणूस बसला आहे एवढीच खातरजमा करण्याचा आहे. बाकीचे काम चहा होईपर्यंत उरकले. बझाइटची एक गोष्ट या क्षेत्रातल्या जुन्या जाणत्यांना रुचत नाही आणि मला फार रुचते, ती ही की त्याचा मूळ गाभा कुलूपबंद असतो. अपडेट आले की नवी प्रणाली अखंड बाजूला मांडली जाते आणि जुनी जशीच्या तशी राहते, म्हणजे नव्याने काही बिघडले तर सुरू करताना जुनीवर बोट ठेवून पूर्वस्थितीवर येता येते. ज्यांना प्रत्येक फाइलीत हात घालण्याची सवय आहे त्यांना हा बंदोबस्त जाचतो. ज्यांना रात्री जेवणानंतर तासभर खेळून झोपायचे आहे त्यांना तो हवाच आहे.

नव्या यंत्रावर सगळेच सुरळीत चालत नाही हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. मोठे काम, म्हणजे चित्र काढण्याचे, पहिल्या दिवसापासून होते, कारण एएमडीने आपल्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर गेली कित्येक वर्षे कर्नलमध्ये खुले ठेवले आहेत आणि हे बहुतेक सारे हँडहेल्ड एएमडीच्याच प्रोसेसरवर चालतात. अडते ते किरकोळीत: बोटाचा ठसा ओळखला जात नाही, स्पीकरचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येतो, पाठीमागची दोन जादा बटणे मुकी राहतात, किंवा यंत्र झोपेतून उठते पण त्याची बटणे उठत नाहीत. ही प्रत्येक उणीव पुढच्या काही महिन्यांत कोणीतरी स्वयंसेवक दूर करतो. पण कारखानदाराने एक पानभर माहिती आधी प्रसिद्ध केली असती तर जे काम दोन दिवसांचे होते, ते या लोकांना यंत्राच्या आतली बोलणी चोरून ऐकून, तर्काने, रात्री जागवून करावे लागते; आणि यंत्राच्या विक्रीला त्यामुळे जी बरकत येते तिच्यातला छदामही त्यांच्याकडे जात नाही. या अरेरावीबद्दल कारखानदारांना कोणी जाब विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

एका अडथळ्यावर मात्र स्वयंसेवकांची मात्रा चालत नाही. अनेकांनी मिळून जाळ्यावर खेळावयाचे जे खेळ आहेत त्यांत लबाडी होऊ नये म्हणून प्रकाशक पहारेकरी प्रोग्रॅम बसवतात. त्यांतील ‘ईझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ या दोघांनी २०२१ पासून प्रोटॉनला मुभा दिली आहे, पण ती अमलात आणणे प्रत्येक प्रकाशकाच्या मर्जीवर ठेवले आहे. आणि मर्जी फिरते. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर काही काळ उत्तम चालल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे दार बंद झाले. ‘फोर्टनाइट’ आणि आपल्याकडच्या मुलांचा लाडका ‘व्हॅलोरंट’ यांचे तर उघडलेच नाही. या प्रकाशकांचे म्हणणे असे की प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोचल्याशिवाय लबाडी पकडता येत नाही, आणि लिनक्सचा गाभा जो तो आपल्या इच्छेप्रमाणे बदलू शकत असल्याने तेथे आमचा पहारेकरी निरुपयोगी ठरतो. या म्हणण्यात तथ्य आहे. मला खटकते ते त्याचे दुसरे टोक: घराच्या धन्यालाही जेथे जाण्याची परवानगी नाही तेथे एका खेळाच्या प्रकाशकाला कायमचा मुक्काम द्यावा, आणि तो तेथे काय करतो हे विचारू नये, अशी ही अट आहे. तथापि ज्याचा सगळा मित्रपरिवार संध्याकाळी व्हॅलोरंटवर जमतो त्याला हे तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. त्याने विंडोजच ठेवावी. मायक्रोसॉफ्टची मासिक वर्गणी भरून खेळणाऱ्यांनाही तोच सल्ला, कारण तिचे खेळ लिनक्सवर उतरवून घेता येत नाहीत.

आता व्हॅल्व्हच्या गुणगानात हरपलेल्यांसाठी थोडे कटू. यंत्र आपले झाले, प्रणालीही आपल्या पसंतीची झाली, पण त्यावर जे खेळ आहेत ते कोणाचे? कॅलिफोर्निया राज्याने असा कायदा केला की अशा मालाला विक्री म्हणायचे असेल तर ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि त्याच्या आदल्या ऑक्टोबरपासूनच स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर तशा अर्थाची ओळ झळकू लागली. म्हणजे यंत्राचे आपण मालक, आणि खेळांच्या बाबतीत व्हॅल्व्हचे कूळ. आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्याच्या नावे जमीन लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सातबाऱ्यावर मालकी म्हणून चढली. या नव्या वहिवाटदारांच्या बाबतीत तसा एकही दिवस उजाडलेला नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ ग्राहकांच्या हातात निर्जीव झाला, त्यावरून युरोपात जी चळवळ उठली तिच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. लिनक्सने ही बेदखली टळत नाही. तळमजला खुला आणि माडीवर मक्तेदारी, अशी ही वास्तू आहे, आणि तळमजला मिळाला याचा आनंद मानताना माडीचे विस्मरण होऊ देऊ नये. न्यूएल यांनी लिनक्सला जवळ केले ते स्वतःच्या पेढीच्या रक्षणासाठी. उद्या पेढीचे हित दुसरीकडे दिसले तर ते तिकडे जातील. तोवर जे काम खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले आहे ते मात्र कोणालाच मागे घेता येणार नाही, आणि माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला तोच खरा लाभ आहे.

आपल्या लोकांचा या प्रकरणाशी संबंध अगदीच नाही असे नव्हे. रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीचे पुण्यात मोठे कार्यालय, आणि भारतीय भाषा संगणकावर नीट दिसाव्यात यासाठी तिने प्रसिद्ध केलेले ‘लोहित’ फाँट पुढे फेडोरात वर्षानुवर्षे देवनागरीसाठी वापरात होते. बझाइट ज्या फेडोरावर उभे आहे तिच्या घडणीत या परिसरातल्या माणसांचे श्रम आहेत, हे ते फुकट उतरवून घेणाऱ्या आमच्या भाच्याला ठाऊक नव्हते. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ ही सरकारी लिनक्स प्रणालीही काढली. ती कचेऱ्यांत जितकी परिपत्रकांतून गाजली तितकी टेबलांवर दिसली नाही. उलट केरळात शाळांतून लिनक्स खरोखर रुजले, कारण तेथे शिक्षकांना आधी शिकवले गेले.

आणि आपल्या बाजारात प्रणालीशिवाय यंत्र विकण्याची वहिवाट पूर्वापार आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत ‘डॉससह’ किंवा ‘उबुंटूसह’ असे लिहिलेले लॅपटॉप स्वस्तात मिळत, आणि घेणारा त्याच दिवशी त्यावर चोरीची विंडोज चढवून घेई, ही गोष्ट न बोलण्याजोगी असली तरी खरी आहे. त्या गैरप्रकाराचे समर्थन मला करावयाचे नाही. परंतु विंडोजच्या परवान्याची किंमत वजा करून यंत्र विकणे कंपन्यांना अशक्य आहे, हा युक्तिवाद त्या एका शिरस्त्यापुढे टिकत नाही, आणि लेनोव्होने एकच हँडहेल्ड दोन प्रणालींसह विकून दाखवल्यावर तर मुळीच टिकत नाही. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकले गेलेले नाही; ज्यांना ते हवे ते बाहेरून माल आणणाऱ्या दुकानदाराला चढी किंमत देऊन, वॉरंटीचा भरवसा सोडून घेतात. म्हणजे अधिकृत बिल हवे असेल तर विंडोज घ्यावी लागते, आणि विंडोज नको असेल तर बिलावर पाणी सोडावे लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य करतो. सत्तर हजारांच्या हँडहेल्डच्या बिलावर यंत्राचे किती आणि प्रणालीच्या परवान्याचे किती, याचे दोन रकाने असावेत, नको असलेला रकाना खोडण्याची मुभा असावी, आणि प्रणाली बदलली तर हमीपत्राचे काय होते ते त्याच हमीपत्रावर छापलेले असावे, एवढी मागणी या हक्काच्या पोटातच येते. दुकानदाराला विचारले तर तो कंपनीकडे बोट दाखवील, आणि कंपनीच्या फोनवरचा मुलगा तुमची तक्रार नोंदवली आहे असे गोड आवाजात सांगेल. म्हणून पैसे देण्यापूर्वी, शक्य तर आगाऊ रक्कम भरण्याच्याही आधी, हे कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी मागावे.